आईच्या वडिलांच्या गावाहून आलेलं पत्र

आईचे वडील स्कॉटलंडचे. भुसावळला इंजिन ड्रायव्हर होते. आई चार वर्षांची असताना रजेवर मायदेशी गेले, ते परत आलेच नाहीत. आजी पाचोऱ्याकडची. तिने आईला माहेरी वाढवलं आणि नात्यातलंच स्थळ पाहून लग्न लावून दिलं. पुढे आम्ही धुळ्याला राहत होतो: मुलींच्या शाळेत शिकवणारी मी, थोरला भाऊ, वहिनी, आणि अंथरुणाला खिळलेली आई.

घाऱ्या डोळ्यांवरून आईने जन्मभर ऐकून घेतलं होतं. म्हातारपणी तिला एकच हवं होतं.

"त्यांनी तिकडे माझं नाव कोणाजवळ काढलं होतं का, एवढं विचार."

मी कामाला लागले. हाती आजोबांचं बायबल होतं, त्याच्या पहिल्या पानावर त्यांच्या गावाचं नाव. भुसावळच्या पाद्रींनी सांगितलं, त्या नावाची तिकडे तीन गावं आहेत. तिन्ही गावच्या चर्चना पत्रं धाडली आणि तारखा टिपून ठेवल्या. तेव्हा जर्मनीशी लढाई चालू होती, टपालाला महिने लागत. एका गावाने असं कोणी नसल्याचं कळवलं, दुसऱ्याने काहीच कळवलं नाही. तिसऱ्या गावच्या पाद्रींनी लिहिलं: तुमचे आजोबा कधीच वारले, पण त्यांची भाची हयात आहे, सत्तरीची, ती स्वतः लिहील.

आई ते पत्र उशाखाली ठेवू लागली. "माझी आतेबहीण," असं शेजारणीला सांगू लागली.

"मंग मडमा येतीन का तुमना घर?" शेजारीण म्हणाली.

"येतील तर आपल्यासारखी कळण्याची भाकरी खातील," आई म्हणाली.

त्यानंतर चार महिन्यांनी मी शाळेतून घरी आले तर आई आणि वहिनी दोघी ओल्या केसांनी बसलेल्या. आई कुडकुडत होती.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"माले काय माहित, ताई?" वहिनी म्हणाली. "पोस्टमन म्हने विलायतनं पत्तर शे. कोपरा फाटेल व्हता. तसं पत्तर घरमा कसं ठेवू?"

आमच्याकडे मृत्यू कळवणाऱ्या पत्राचा कोपरा फाडतात. ते उंबऱ्याबाहेर वाचायचं, तिथेच फाडून टाकायचं आणि अंघोळ करायची. इंग्रजी वाचणारं त्या वेळी घरात कोणी नव्हतं. वहिनीने पत्र न वाचताच फाडून अंगणातल्या मोरीत टाकलं, स्वतः न्हाली, आईलाही न्हाऊ घातलं. लढाईमुळे सरकार टपाल फोडून तपासत होतं. कोपरा तिथेच फाटला असणार.

मोरीतून मी चार तुकडे काढले. शाई वाहून गेली होती.

आईला ताप भरला. तो उतरला, पण तिने वहिनीशी बोलणं सोडलं. तिच्या हातचं पाणीही घेईना. शाळेला जाण्याआधी आणि आल्यावर मीच भरवायची. मधल्या वेळी वहिनी ताट घेऊन जायची आणि तसंच परत आणायची.

मी स्कॉटलंडच्या पाद्रींना पुन्हा लिहिलं, या वेळी पत्ता शाळेचा दिला. दिवाळीच्या सुमाराला उत्तर आलं. भाची वारली होती, तिच्यामागे कोणी नव्हतं. तिने पत्र लिहिलं तेव्हा पाद्री जवळ बसले होते, म्हणून मजकूर त्यांना माहीत होता. आजोबांना तिकडे बायको होती, दोन मुलं होती. हिंदुस्थानात एक मुलगी झाली होती, ती पाळण्यातच गेली, असं त्यांनी घरी सांगितलं होतं.

घरी आल्यावर आईला म्हटलं, "आतेबहीण गेली. पाद्रींना बाकी काही ठाऊक नाही."

आई वहिनीकडे बघून म्हणाली, "हिने माझ्या बापाचे शब्द मोरीत घातले."

वहिनी भाकरी थापत होती. मी तिच्या बाजूने तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले असते तर आईला सगळं सांगावं लागलं असतं.

पौषात आई गेली. शेवटचं पाणी वहिनीने पुढे केलं, तर तिने ओठ मिटून घेतले. मग मी पाजलं.

तेराव्यानंतर मी वहिनीला पाद्रींचं पत्र वाचून दाखवलं.

"तुमले कवयपासून माहित व्हतं?"

"दिवाळीपासून."

ती उठून भांडी घासायला गेली. त्याला आता दोन वर्षं झाली. माझ्याशी कामापुरतं बोलते.