सर्व अटी, की कोणतीही एक?

"रिपोर्ट आलेला आहे," मी डॉक्टरांना म्हणालो. "सतरा दिवस झाले."

नांदेडच्या एका सर्जनच्या केबिनमध्ये मी त्यांच्या मॅक कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. शेजारी अर्धापूरचे माधवराव उभे होते. केळीचे बागाईतदार. त्यांच्या बायकोच्या, सुमनबाईंच्या, मानेतल्या गाठीचा तुकडा तपासायला हैदराबादच्या लॅबमध्ये गेला होता. माधवराव तीनदा विचारायला आले. तिन्ही वेळा रिसेप्शनवर एकच उत्तर, "न्हाई आला अजून."

मी लातूरचा. दवाखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. या डॉक्टरांचा इनबॉक्स औषध कंपन्या आणि कॉन्फरन्सच्या मेलनी तुंबायचा. "मला फक्त रिपोर्ट दिसू दे," ते म्हणाले होते. म्हणून मी स्मार्ट मेलबॉक्स करून दिला. त्यात मेल इनबॉक्समधून हलत नाही. आपण अटी घालायच्या. त्यांत बसणारे मेल वेगळे एका जागी दिसतात. मी दोन अटी घातल्या. मेल लॅबचा हवा आणि विषयात 'रिपोर्ट' हा शब्द हवा. सर्व अटी लागू की कोणतीही एक, असं तिथं विचारतात. लॅबच्या जाहिराती नकोत म्हणून मी 'सर्व' निवडलं.

सुमनबाईंच्या रिपोर्टच्या मेलचा विषय होता 'बायोप्सी फायनल'. 'रिपोर्ट' शब्दच नव्हता.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. चष्मा काढून ठेवला. "मी इनबॉक्स उघडणंच सोडलं होतं," ते हळू म्हणाले. "कॅन्सर आहे, माधवराव. उद्याच ॲडमिट करा."

माधवराव माझ्याकडे वळले. "म्हंजी इथंच पडून होता?"

"हाव. सेटिंग माझी हाय. चूक माझी."

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. "ती रोज विचारायची," ते म्हणाले. "मी म्हणायचो, आला न्हाई म्हंजी काई नसंल."

ऑपरेशन झालं. आठव्या महिन्यात सुमनबाई गेल्या. सतरा दिवसांनी फरक पडला का, हे मी डॉक्टरांना विचारलं. "कुणालाच सांगता येणार नाही," ते म्हणाले. मी अर्धापूरला जाऊन आलो. माधवरावांनी चहा दिला. तो प्रश्न त्यांनी विचारला नाही.

आता कुणाला असा मेलबॉक्स करून दिला, की मुद्दाम चुकीच्या विषयाचे चार मेल पाठवून बघतो. इनबॉक्स रोज कोण उघडणार, त्याचं नाव लिहून घेतो. लोकांना हे फार किचकट वाटतं. वाटू दे.