गोपनीय खिचडी

हसणार नसाल तर सांगते. म्हणजे हसालच, पण निदान हातातला चहा आधी खाली ठेवा.

दोन हजार एकवीसचा वसंत. आयर्लंडमध्ये लॉकडाउन, लग्न नवं, नोकरी त्याहून नवी. ऑफिस म्हणजे एक चिमुकलं सरकारी न्यायाधिकरण. आपल्या कंपनीतला किंवा खात्यातला गैरप्रकार ज्यांनी उघड केला, त्यांना नंतर कुणी छळलं तर ते आमच्याकडे दाद मागतात. त्यांची खाजगी माहिती सांभाळणं हे माझं काम. कागदांवरची नावं काळी करायची, ऑनलाइन सुनावणीत भलताच माणूस शिरू द्यायचा नाही, आणि कुणी काय सांगितलं याचा कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही.

मुळात मी कमी बोलणारी. त्यात कमी बोलण्याचा पगार मिळायला लागला. मग काय विचारता!

त्या गुरुवारी पहिलीच सुनावणी मी एकटीने सांभाळायची होती. ती नीट झाली तर नोकरी पक्की. ॲडम्सटाउनच्या आमच्या फ्लॅटची बेडरूम हेच ऑफिस. नवऱ्याची, निखिलची, तो आठवडा सुट्टी होती. त्याला बजावलं, ‘आत यायचं नाही. आलास तर स्क्रीनकडे बघायचं नाही. मी काय करते ते कुणी विचारलं तर सांगायचं नाही.’ साताऱ्याला सासूबाईंनाही फोनवर दोन वाक्यांत काय ते सांगून टाकलं. म्हटलं, चला, घर सुरक्षित!

सोमवारी सासूबाईंचा फोन आला. मी दाराआडून ऐकत होते.

“मुग्धा कुठंय रे?”

“खोलीत.”

“जेवली का?”

“ताट दाराशी ठेवलंय.”

“दाराशी? आत का नाही दिलंस?”

“आत जायचं नाही म्हणालीये. आई, मला काही सांगता येणार नाही.”

काय कौतुक वाटलं मला नवऱ्याचं! एका शब्दाने फुटला नाही.

मंगळवारी दाराबाहेर डबे यायला लागले. एकात मुगाची खिचडी. दुसऱ्यातही मुगाची खिचडी. तिसरा डबा शेजारच्याच ल्यूकन गावातल्या कुलकर्णी काकूंचा. त्या खाली पार्किंगमध्ये उभ्या. मी बाल्कनीत गेले तर दोन पावलं मागे सरकल्या आणि ओरडल्या,

“वास येतोय का गं तुला? खिचडीचा?”

आता मी तिसऱ्या मजल्यावर आणि डबा दाराबाहेर! मी प्रामाणिकपणे ओरडले, “नाही हो काकू!”

काकूंनी डोळ्यांना रुमाल लावला. मला वाटलं, केवढं हे खिचडीचं प्रेम!

दुपारी माझ्या साहेबीणबाईंचा, ओर्लाचा व्हिडिओ कॉल. आवाज एकदम मऊ.

“मुग्धा, मी काही विचारत नाहीये. तुझ्या तब्येतीची माहिती तुझी खाजगी आहे. पण गुरुवारची सुनावणी मी दुसऱ्या कुणाला देते. तू आराम कर.”

“पण मला काही झालेलं नाही!”

“अर्थात. तसं म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे.”

आणि नेमकं तेव्हाच माझ्या मागचं दार उघडलं. निखिल नुकताच बाहेरून डबा घेऊन आलेला, म्हणून तोंडाला मास्क. स्क्रीनकडे बघायचं नाही, म्हणून मान पूर्ण फिरवलेली. लांबूनच हात पुढे करून त्याने डबा जमिनीवर सरकवला आणि पळाला.

ओर्ला कळवळून फक्त “ओह, लव्ह” म्हणाली.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. अख्ख्या ल्यूकनने मला कोरोना करून टाकला होता!

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?” मी कधी नव्हे ते आवाज चढवला.

“माहिती देणाऱ्याचं नाव विचारायचं नाही,” ओर्ला हळूच म्हणाली. “मागच्याच आठवड्यातल्या प्रशिक्षणात तू आम्हाला शिकवलंस.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच चाचणी केंद्र गाठलं. नाकात काडी घालून घेतली. संध्याकाळी निगेटिव्ह आल्याचा मेसेज आला, तो तसाच ओर्लाला पाठवला. जी माहिती कुणी मागू नये म्हणून मी तासभर व्याख्यान दिलं होतं, ती मी स्वतः होऊन, न मागता! तिचं उत्तर आलं, “ग्रँड. सुनावणी तुझीच. मेसेज वाचून पुसून टाकलाय, तू सांगितलेल्या नियमाप्रमाणे.”

सुनावणी छान पार पडली. मग मी घरभेद्याच्या शोधाला लागले. ऑफिसला कळवलं कुलकर्णी काकांनी, ‘पोरीला काम देऊ नका, आम्ही खिचडी पोचवतोय’ म्हणून. त्यांना काकूंनी सांगितलं. काकूंना इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवरून कळलं, ग्रुपला त्यातच असलेल्या सासूबाईंच्या भाचीकडून. सासूबाईंना फोन लावला.

“आई, तुम्हाला हे सांगितलं कुणी?”

“अगं, तूच की! ‘आठवडाभर खोलीतून बाहेर येणार नाही, का ते विचारू नका. आणि कुणाला सांगू नका हं.’ एवढं म्हटल्यावर माणूस घाबरणार नाही का? मी तरी एकट्या भाचीलाच सांगितलं!”

मी शोध तिथंच बंद केला.

पुढच्या प्रशिक्षणासाठी ओर्लाने एक उदाहरण लिहायला सांगितलं. म्हटलं, हेच लिहू. फार मेहनतीने लिहिलं. माझं नाव काळं केलं, निखिलचं केलं, काकूंचं केलं, ॲडम्सटाउनही काळं केलं. कुणाचा बापही ओळखणार नाही!

वाचून होताच ऑफिसातले सगळे एका सुरात म्हणाले, “मुग्धा, आता बरं वाटतंय ना?”

खिचडी काळी करायची राहिली होती.