ओट्यावरची खाट

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तरी शेजारच्या हेमलताबद्दल बोलायचं म्हटलं की जीभ जड होते.

लहानपणच्या सांधेतापानं तिच्या हृदयाची झडप गेली. लग्नानंतर नवी बसवली, रक्त पातळ ठेवायची गोळी जन्माची मागे लागली. फुफ्फुसांतला दाब मात्र उतरला नाही. "दिवस राहिले तर जिवावर बेतेल," धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्याच आठवड्यात तिच्या नवऱ्यानं, गिरधरनं, आपली खाट ओट्यावर नेली. शिरपूरच्या कापसाच्या जिनिंगमधून यायचा, मुकाट्यानं जेवायचा आणि बाहेर जाऊन पडायचा. बायका कुजबुजल्या, नवऱ्यानं टाकली हिला. मेलींच्या जिभेला हाड म्हणून नाही!

एकदा ती माझ्याजवळ रडली. "अक्का, पोर नही मिळनं तरी चाली. पण घरमा माणूस शे, तरी मी भिंतसंगे बोलस."

मी म्हटलं, थांब. दोघांना धुळ्याला मीच घेऊन जाते, बघू कसा येत नाही तो!

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं. हेमलताचं बीज काढता येईल, पण त्यासाठीच्या इंजेक्शनांनी रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती. हृदयाचे डॉक्टर हजर असतील अशा मोठ्या दवाखान्यातच ते करायचं. पुढे गर्भ दुसऱ्या बाईच्या पोटात वाढवायचा, तर कायद्याच्या अटी ढीगभर. नाहीतर दत्तक घ्या.

"आणि आम्हाला नुसतं नवरा-बायकोसारखं राहायचं असेल तर?" हेमलतानं विचारलं. अगं बाई! मी पदर तोंडाला लावला.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पुरुषाचं छोटं ऑपरेशन असतं. नंतर तपासणी करून खात्री करायची. मग दिवस राहायची भीती जवळजवळ नाहीच."

"जवळजवळ!" गिरधर म्हणाला. "हजारमा एखादं तरी चुकस ना? ही मरी जाई. माले भ्याव वाटस."

इतके महिने मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. आणि हा बाबा आपल्या परीनं तिला जपत होता. माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

हेमलता त्याच्याकडे वळली. आवाज चढवला नाही तिनं.

"मी मरसू म्हणीसन आतेपासूनच माले एकली सोडी दिधी का तुम्हीन?"

गिरधर ओक्साबोक्शी रडायला लागला. मला वाटलं, आता ही त्याच्या पाठीवर हात ठेवील. तिनं ठेवला नाही.