पीठ लावलेलं सूप

लग्न होऊन वेम्बलीत आले तेव्हा रश्श्याच्या बाबतीत मी स्वतःला फार शहाणी समजायचे. मटणाचा रस्सा पातळच हवा, वर तर्री तरंगायला हवी, आणि तसा रस्सा अख्ख्या इंग्लंडात फक्त मलाच जमतो! शेजारी मोरोक्कोची एक बाई राहायची. अजून राहते. तिनं रमजानात वाडगाभर सूप पाठवलं. लॅम्ब, छोले, मसूर, टोमॅटो, दालचिनीचा वास, आणि सगळं पीठ लावून दाट केलेलं. मी ह्यांना म्हटलं, "अहो, ही तर खळ आहे. भिंतीला कागद चिकटवा." ह्यांनी दोन वाट्या संपवल्या. मी आठवडाभर गाल फुगवून बसले. काय पण बया होते मी!

गेल्या हिवाळ्यात ह्यांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं आणि गिळणं बिघडलं. स्पीच थेरपिस्ट म्हणाली, पातळ काही द्यायचं नाही, साधं पाणीसुद्धा फुप्फुसात जाईल. सगळं दाट आणि गुळगुळीत हवं. वजन असंच उतरत राहिलं तर पोटात नळी घालायचा विचार करावा लागेल. मी वरणभात मिक्सरमधून काढून भरवायचे. हे तोंड घट्ट मिटून घ्यायचे.

शेवटी शेजारचं दार वाजवलं.

"खळ शिकायला आलीस?" ती म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या नवऱ्यानं. वाडगा परत द्यायला आला होता तेव्हाच. अजून आहे का, तेही विचारलं."

इतकी वर्षं दोघांनी पत्ता लागू दिला नव्हता.

तिनं भिजवलेले छोले पुढ्यात ठेवले. सालं काढायची.

"एकेकाची?"

"एकेकाची. त्याच्या घशात अडकायला हवीत का?"

हाडासकट लॅम्ब, कांदा, सेलरी, कोथिंबीर, आलं, हळद असं सगळं शिजून मऊ झालं. मग आदल्या दिवशी पाण्यात कालवून ठेवलेलं, जरासं आंबलेलं पीठ तिनं बारीक धारेनं सोडायला लावलं. एका हातानं धार, दुसऱ्या हातानं ढवळणं. माझा हात थांबला तशी तिनं मनगटावर डाव हाणला. घरी आणून मी हाडं काढली, मिक्सर फिरवला, गाळलं.

ह्यांनी आपणहून तोंड उघडलं. अर्धी वाटी संपली. मला इतका आनंद झाला की खाटकालासुद्धा सांगून आले.

काही आठवडे बरे गेले. मग ह्यांच्या छातीत कफ भरला, पुन्हा हॉस्पिटल झालं. घरी आले ते निम्मे होऊन. एकेक घास गालात धरून बसायचे. मी म्हणायचे, "गिळा. गिळलंत का? दाखवा." लहान पोराला करतात तसं. त्या आठवड्यात थेरपिस्टनं नळीबद्दल ह्यांनाच विचारलं होतं. ह्यांनी मान हलवून नाही म्हटलं. ह्यांना कळलं नसेल, असं मीच ठरवून टाकलं.

एका दुपारी ह्यांनी तोंड फिरवलं.

"अहो, दोनच चमचे."

"पुरे."

"मग नळी घालतील ना!"

"नळी... नाही." इतकं स्पष्ट बऱ्याच दिवसांत बोलले नव्हते.

"आणि मुलांना काय सांगू मी?"

"हेच."

मी भांडले. आजारी माणसाशी भांडू नये म्हणतात, पण मला दुसरं काही येत नव्हतं. हे ऐकत राहिले. माझा दम संपला तेव्हा डाव्या हातानं वाटी माझ्याकडे ढकलली.

"तू जेव."

सकाळपासून मी चहावर होते. हे त्यांच्या ध्यानात होतं. माझ्या नव्हतं.

नवऱ्याचं ऐकायची मला कधी सवय नव्हती. त्या दिवशी ऐकलं. सूप कोमट होतं, वर साय धरली होती. हे माझ्या तोंडाकडे बघत होते. वाटी रिकामी झाली तशी त्यांनी पातेल्याकडे बोट दाखवलं. मी उठून पुन्हा वाढून घेतलं.