भीमण्णांचा उजवा कान

भीमण्णा गेल्याचा निरोप घेऊन त्यांचा जावई आला, तेव्हा मी सनईच्या तोंडाला लावायच्या पत्त्या सावलीत वाळत घालत होतो. "मामा गेले," एवढंच म्हणाला आणि उंबऱ्यातच बसला. छातीचं दुखणं जुनं होतं, अचानक असं काही नव्हतं... तरी पुढं बरेच दिवस मला वाद्य ओठाला लावावंसं वाटलं नाही.

सोलापुरात लग्नाकार्याला, देवळात भीमण्णांची सनई असायची. मी शेजारी उभा राहून सूर धरायचो, म्हणजे एकच स्वर न तोडता वाजवत राहायचो. त्या आधारावर ते राग मांडायचे. बार्शीच्या एका वरातीत कुणीतरी शोभेच्या दारूची उखळी त्यांच्या डाव्या अंगाला खेटून उडवली. भीमण्णांचा स्वर घसरला. वरात थांबल्यावर त्यांनी मला विचारलं, "सूर का सोडलास रं?" मी सोडला नव्हता.

डाव्या कानात पुढं कितीतरी दिवस रातकिडे ओरडत राहिले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हा कान आता यायचा नाही, दुसरा सांभाळा. तेव्हापासून वरातीत ताशे सुरू झाले की भीमण्णा उजव्या कानात तेलकापसाचा बोळा घालत आणि मांडवात बसल्यावर काढत. लोक हसायचे. "वाजवणाराच कान झाकतोय, मग आमी कशाला ऐकायचं?" त्यावर ते म्हणत, "तुमाला ऐकवायचं हाय म्हणूनच झाकतोय की."

मंगळवेढ्याच्या लग्नात मात्र गोष्ट थट्टेवर भागली नाही. आमच्या बैठकीला लागूनच उखळ्या मांडल्या होत्या. भीमण्णांनी हात जोडून त्या वेशीबाहेर न्यायची विनंती केली. मुलीचे वडील भडकले. "माझ्या दारातलं लगीन हाय. बार दारातच उडायचा!"

"मग मला जाऊ द्या, मालक. हा एकच राहिलाय." त्यांनी सनई कापडात गुंडाळली.

आमचा संबळवाला तुळशीराम काकुळतीला आला. "अण्णा, एका दिवसानं काय हुतंय? घरी पोरं हायती."

"एका दिवसातच गेला की डावा."

उपाशीच निघालो. त्या लग्नसराईत आम्हाला फारसं कुणी बोलावलं नाही. तुळशीराम गिरणीत मागावर लागला. भीमण्णा पहाटे देवळात वाजवत आणि दिवसा लोकांच्या शेळ्या राखत. पस्तावा होतो का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "राती बायको तोंड दाबून रडत हुती. ते बी ऐकू आलं..."

पुढच्या वर्षी बार्शीचंच एक बोलावणं आलं. सनई थांबल्याशिवाय बार उडणार नाही, असं यजमानांनी आपणहून कळवलं होतं. त्या दुपारी मांडवात भीमण्णांनी सारंग असा वाजवला, की पंगत वाढलेली असतानाही माणसं जागची उठेनात. मग हळूहळू आमच्या भागात सनई थांबल्यावरच बार उडवायची रीत पडली.

शेवटी भेटलो तेव्हा फुंकायला त्यांच्या छातीत दम उरला नव्हता. मी उशाशी बसून वाजवलं. डोळे मिटूनच म्हणाले, "पत्ती ओली हाय. वाळू दे जरा." बरोबर होतं.

तेराव्याला गेलो. अंगणात पंगतीची पितळी भांडी घासून होत होती. त्यांची सून एकेक पातेलं उचलून आत नेत होती आणि दोन्ही हातांनी, जराही आवाज न करता, जमिनीवर ठेवत होती. मदतीला आलेली शेजारीण म्हणाली, "आता कुणासाठी गं एवढं जपून?"

सून थबकली. हातातल्या पातेल्याकडे पाहत राहिली... आणि तेही तिनं तसंच, अलगद टेकवलं.