अर्नाळ्याची ओहोटी

आमच्या कचेरीतल्या एकाच्या सासऱ्यांकडे मोटार होती. एका रविवारी तो वसईचा किल्ला आणि अर्नाळ्याचा पाण्यातला किल्ला असे दोन्ही करून आला आणि डबा खाताना म्हणाला, "मोटारीशिवाय एका दिवसात हे जमायचं नाही."

ते मला लागलं. त्यात बाबांचं निमित्त होतं. बाबा मालवणचे, समुद्रातला किल्ला बघत वाढलेले. पुढे गिरणीत गुडघे गेले आणि गावी जाणं सुटलं. "एकदा तरी पाण्यातल्या किल्ल्यात पाय ठेवूक व्हयो," असं ते अधूनमधून म्हणत. बेत बाबांसाठी आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं ते निम्मंच होतं.

आठवडाभर अंधेरीच्या खोलीत मी कागदावर वेळा मांडत होतो. वसईपर्यंत गाडी, पुढे टांगा, किल्ला, भाकरी, मग विरार, तिथून एस.टी. आणि शेवटी होडी. बाबा शेजारी सुपारी कातरत बसले होते.

"तिथ खंयची?"

"कशाला?"

"भरतीक रे."

आईनं पंचांग बघून द्वादशी सांगितली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा हिशेब. बाबांनी लगेच पाऊणकी म्हटली, "बारा पाऊण नऊ. नवाक भरती, तिनाक सुकती. आधी अर्नाळा कर. वसई खंय पळान जाता?"

"बाबा, वसई वाटेत लागते. पुढं जाऊन मागं कोण येणार?"

"दर्यो तुझ्या कागदार चलत नाय रे झिला."

आई हसली. मी कागद बदलला नाही. उलट फिरलो आणि वसई राहिली, तर कचेरीत काय सांगणार?

वसई छान झाली. टांग्यात पुढे बसून बाबा घोड्याशी मालवणीत बोलत होते. अर्नाळ्याला पोचलो तेव्हा तीन वाजले होते. पाणी पार मागे गेलं होतं. होडी लांब उभी आणि मध्ये गुडघाभर चिखल. होडीवाल्या कोळ्यानं बाबांचे पाय बघितले.

"म्हाताऱ्याला पाठीवर घे ना. मी मागून धरतो."

"नको, ते नाही म्हणतील," मी म्हणालो.

बाबा माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभे होते. मी त्यांना विचारलंच नव्हतं. माझी पँट इस्त्रीची होती, किनाऱ्यावर माणसं बघत होती, परतीची एस.टी. चुकण्याची भीती होती. इतकी वर्षं मी ही कारणं उगाळतो आहे. बापाला पाठीवर घ्यायची मला लाज वाटली, एवढंच खरं.

बाबा वाळूत बसले. "तू जावन ये. येवन माका सगळा सांग."

मी गेलो. पँट शेवटी गुडघ्यापर्यंत दुमडलीच.

तासाभरानं आलो तर ते तिथंच, किल्ल्याकडे तोंड करून बसलेले. एस.टी.त मी सांगत गेलो. दरवाज्यावर कोरलेले वाघ, हत्ती, आतली गोड्या पाण्याची विहीर. ते बारीकसारीक विचारत होते. वाघाचं तोंड कुठल्या बाजूला? विहिरीला पायऱ्या आहेत? माझ्या आवाजात उत्साह होता, हे आठवलं की आजही मला स्वतःची चीड येते.

घरी आई पानं वाढत होती. बाबा तिला वाघ दाखवत होते, हत्ती दाखवत होते. "आणि विहिरीचा पाणी काय गोडा! चाखून बघितलंय."

आईची नजर त्यांच्या धोतरावर गेली. "आणि धोतर कसा कोरडा?"

मी घास हातातच धरला.

"झिलान पाठीर घेतल्यान माका," बाबा म्हणाले. "होडीपर्यंत. जाताना आणि येताना पण."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं माझ्या पानात सुरमईची मोठी तुकडी वाढली.

मी ती खाल्ली.