बाबूदादाचं बिनआवाजी गॅरेज

रोह्यात आम्ही एकाच कंपनीतून रिटायर झालेले चौघं जमलो की चहा थंड होतो, पण बाबूदादाच्या गॅरेजचे किस्से संपत नाहीत. एक सांगायला घ्यावा तर दुसरा मधेच घुसतो!

आयुष्यभर शिफ्ट केलेल्या दादाची एकच हौस राहिली होती, स्वतःचं सुतारकामाचं वर्कशॉप. गाडी विकली, गॅरेज रिकामं केलं, लाकूड कापायचं मशीन आणलं. पण शेजारी माई. रिटायर्ड हेडमास्तरीण! त्यांनी बजावलं, "आवाज माझ्या ओट्यावर आला, तर मशीन भंगारात!"

दादाचा चेहरा बघवेना. आम्ही म्हटलं, "घाबरतोस काय? आवाज आत कोंडू!"

*

वर पत्रा, दुपारी आत नुसती भट्टी. आमच्यातला कासू गावचा नाना म्हणाला, "थर्माकोल मारू. ऊनही अडेल, आवाजही. फुकटात आणतो!"

आणला, आम्ही उत्साहात अख्ख्या छताला चिकटवला. दुसऱ्या दिवशी पत्रा तापला आणि कळलं, थर्माकोल मासळीच्या खोक्यांचा! खाली सात मांजरं माना वर करून बसलेली.

नाना म्हणतो, "दोनदा धुतलाय रे!"

*

भिंतींचं काम गागोद्याच्या शंकरकडे. प्लायवूड ठोकायचं आणि मागच्या पोकळीत भाताचा तूस भरायचा. आयडिया झकास! फक्त तुसात भातही बरंच राहिलं होतं. आठवड्यात भिंतीतून खुडबुड सुरू. दादाने कपाळाला हात लावला.

"उंदीर झाले रे!"

शंकर थंडपणे म्हणाला, "मग मांजरं हायतच की!"

*

दाराला आम्ही जाड गोधड्या ठोकल्या. वहिनींना विचारायचं राहिलं. त्याच दिवशी त्यांच्या माहेरची माणसं मुक्कामाला आली. वहिनी गॅरेजसमोर उभ्या राहून कडाडल्या, "आता पाव्हण्यांना काय दार पांघराया देऊ?"

*

आणि परीक्षेचा दिवस! भर दुपारी दादा आत गेला, दार लावून घेतलं. आम्ही माईंच्या ओट्यावर, जीव मुठीत धरून. पाच मिनिटं झाली, दहा झाली. चिडीचूप!

"शाब्बास!" माई म्हणाल्या. "चालू दे मशीन!"

आमचं नाचायचंच बाकी होतं. नानाने पेढे फिरवले. तेवढ्यात दार उघडलं. दादा घामाने निथळत बाहेर.

"अरे, लाईट कवा येनार? कवाचा काळोखात उभा हाय!"

माईंचा पेढा तोंडातच राहिला. आमचे चेहरे पडले. दादा तर रडायच्या बेतात. आणि त्याच क्षणी ओट्यावरचा पंखा फिरायला लागला. मशीनचं बटण चालूच राहिलेलं, ते असं गरजलं की मांजरं पळाली!

माई ताडकन उठल्या, तरातरा गेल्या आणि स्वतःच्या हाताने गॅरेजचं दार लावलं. मग ओट्यावर परत येऊन फिरत्या पंख्याखाली बसल्या. कान देऊन ऐकलं.

"काय रे बाबू, परत गेली लाईट?"